आमच्या मागे याचे कोण?

ज्या घरी एखादे मूल जन्मतः अपंग असते, किंवा आजारपणाने पुढे अपंग होते, त्या घरच्या आईबापांच्या मनात एक प्रश्न समईच्या वातीसारखा रात्रंदिवस जळत असतो: “आमच्या मागे याचे कोण?” भालकी, औराद, बसवकल्याणकडच्या खेड्यांतील घरभेटींत हा प्रश्न आम्ही ऐकला आहे, आणि आळंदच्या बाजूसही ऐकला आहे. कोणी तो उघड विचारतो, कोणी केवळ उसासा टाकतो. आईबापांच्या या चिंतेविषयी पुष्कळ लिहिले व बोलले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु हा प्रश्न तोंडातून निघतो तेव्हा त्याच घरात आणखी कोणीतरी तो ऐकत असते. चुलीपाशी भाकरी थापणारी थोरली बहीण असेल, किंवा ओसरीवर खताचा हिशेब करीत बसलेला धाकटा भाऊ असेल. प्रश्न देवाला घातलेला असतो. नजर मात्र त्यांच्याकडे वळलेली असते. आजचा आमचा लेख या ऐकणाऱ्यांविषयी आहे.

माणसाच्या साऱ्या नात्यांत भावंडांचे नाते बहुधा सर्वांत दीर्घ असते. आईबाप आयुष्याच्या अर्ध्या वाटेवर सोडून जातात. पत्नी वा पती त्याच वाटेवर उशिरा भेटतो. मुले तर त्याहूनही मागाहून येतात. पाळण्यापासून काठीपर्यंत बरोबर चालतो तो भाऊ किंवा बहीण. अपंग माणसाच्या बाबतीत तर हे अधिकच खरे आहे. कारण त्याच्यापैकी पुष्कळांना स्वतःचा संसार नसतो. मग साठाव्या वर्षी त्याला त्याच्या लहानपणच्या नावाने हाक मारणारे जगात एखादेच माणूस उरते, आणि ते बहुधा त्याचे भावंड असते.

प्रश्न आता मोठा का झाला?

पूर्वी हा प्रश्न इतका तीव्र नव्हता, याचे एक कारण कटू आहे. अशी पुष्कळ मुले मोठी होतच नसत. डाउन सिंड्रोम या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अवस्थेचेच उदाहरण घ्या. अमेरिकेसारख्या संपन्न देशातदेखील १९८३ च्या सुमारास अशा व्यक्तीचे सरासरी आयुर्मान केवळ २५ वर्षांचे होते. आज ते ६० वर्षांच्या घरात गेले आहे. हृदयाच्या शस्त्रक्रिया, जंतुनाशक औषधे आणि अशा मुलांना संस्थेत टाकून न देता घरी वाढविण्याची रीत यांमुळे हे घडले. आपल्याकडेही औषधपाणी वाढले आहे. ही आनंदाचीच वार्ता होय. परंतु तिचा अर्थ असा की, जे मूल पूर्वी आईबापांच्या डोळ्यांदेखत जात असे ते आता आईबापांच्या मागे वीसवीस, तीसतीस वर्षे राहणार. ती वीसतीस वर्षे कोणाची? हा प्रश्न आपल्या आजोबांना फारसा पडला नाही. आपल्याला मात्र तो पडणार आहे.

२०११ च्या जनगणनेत भारतात २ कोटी ६८ लक्ष अपंग व्यक्तींची नोंद झाली, आणि त्यांपैकी सुमारे ६९ टक्के खेड्यांत राहत होत्या. एकट्या कर्नाटकात हा आकडा १३ लक्षांहून अधिक होता. त्या गणनेत अपंगत्वाचे मोजकेच प्रकार धरले होते. २०१६ च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्याने २१ प्रकार मान्य केले आहेत. यातील प्रत्येक आकड्यामागे एक घर आहे, आणि बहुतेक घरांत एक तरी भावंड आहे. त्या भावंडांची मात्र कोठल्याही गणनेत नोंद नाही.

तीन घरे

खाली वर्णिलेली घरे कोणा एकाची नव्हेत. परंतु आमच्या भागातील वाचकांना ती ओळखीची वाटतील.

पहिले घर थोरल्या बहिणीचे. भावाचे हातपाय जन्मापासून आखडलेले. बहीण दहा वर्षांची असल्यापासून त्याला भरवते, न्हाऊ घालते, त्याचे अस्पष्ट बोलणे पाहुण्यांना उलगडून सांगते. सारा गाव तिला शाबासकी देतो. पुढे तिला पाहावयास पाहुणे येतात. आतल्या खोलीतील भाऊ त्यांच्या दृष्टीस पडतो, आणि बोलणी तेथेच थांबतात. “घराण्यात दोष आहे,” एवढे एकच वाक्य गावाबाहेर जाते. अशा दोनतीन खेपा झाल्या की लोक तिला म्हणू लागतात, “आता तूच त्याची आई.” हे वाक्य ऐकावयास गोड आहे. परंतु ते म्हणणाऱ्याने तिचा संसार तिला न विचारता मोडीत काढलेला असतो.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. मेंदूच्या पक्षाघाताने हातपाय आखडतात ते बहुधा गर्भात, प्रसूतीच्या वेळी किंवा तान्हेपणी मेंदूला झालेल्या इजेने. तो सहसा घराण्यातून येत नाही. डाउन सिंड्रोमची बहुसंख्य उदाहरणे आनुवंशिक नसतात. पोलिओ हा तर विषाणूचा रोग. २०११ च्या जानेवारीनंतर भारतात त्याच्या मूळ विषाणूचा एकही रुग्ण आढळला नाही. काही प्रकारची बधिरता व काही बौद्धिक अपंगत्वे मात्र घराण्यातून येऊ शकतात, आणि मामाभाचीच्या किंवा सख्ख्या मामेभावंडांच्या विवाहांत त्यांचा धोका वाढतो. तेव्हा शंका असेल तर डॉक्टरांस विचारावे. डॉक्टरांना न विचारता एका मुलीचे आयुष्य अफवेवर तोलणे हा शुद्ध अन्याय होय. आणि पूर्वजांच्या पापाचे हे फळ असे जे म्हणतात त्यांनी एवढेच आठवावे की, जन्मांध माणसाविषयी हाच प्रश्न शिष्यांनी विचारला होता, तेव्हा प्रभूने तो विचार साफ नाकारला होता.

दुसरे घर मागे राहिलेल्या भावाचे. दोघे भाऊ हैदराबादेस व पुण्यास गेले. हा गावी राहिला, कारण कोणीतरी राहणे भाग होते. काळ्या रानात तूर, सोयाबीन, उडीद. घरात वृद्ध आई आणि मतिमंद धाकटा भाऊ. पाऊस बरा झाला तर घर चालते; न झाला तर हातउसने. त्याच्या मनात कडवटपणा साचतो, आणि कडवटपणाची लाज वाटून तो कोणाशी बोलत नाही. त्याच्या पत्नीची अवस्था याहून बिकट. दिराचे कपडे धुणारी, त्याला ताट वाढणारी, तो बाहेर भटकला तर पदर खोचून शोधावयास धावणारी तीच. पण लग्नाच्या बोलण्यांत याविषयी तिला कोणी एक शब्द विचारला नव्हता. अशी स्त्री एखादे दिवशी चिडून बोलली तर गाव तिला कठोर म्हणतो. आम्ही म्हणतो, तिच्या चिडण्याआधीची दहा वर्षेही गावाने मोजावी.

तिसरे घर दूर गेलेल्याचे. तो दरमहा पैसे पाठवितो, रोज फोन करतो. अवेळी फोन वाजला की त्याच्या काळजात धस्स होते. सणाला दोन दिवस येतो, भावासाठी नवे कपडे आणतो, औषधांविषयी चार सूचना करतो, आणि त्या सूचना मागे राहिलेल्यांना टोचतात. तो परत जातो तेव्हा त्याला वाटते, आपण पळून आलो. मागे राहिलेल्याला वाटते, तो सुटला. दोघेही एकमेकांस हे सांगत नाहीत.

या तिन्ही घरांत दोष कोणाचा? आमच्या मते सेवेचा भार हे खरे दुखणे नाहीच. शेतकऱ्याच्या घरी कष्ट कोणाला चुकले आहेत? खरे दुखणे हे की, हा भार कोणी कोणास विचारून दिला नाही, वाटून दिला नाही, आणि त्याविषयी घरात कधी तोंड उघडले गेले नाही.

न बोललेली गोष्ट

मौन हे केवळ गरिबाच्याच घरी असते असे नाही. अमेरिकेतील केनेडी हे गडगंज कॅथलिक घराणे; त्यातील जॉन केनेडी १९६१ साली राष्ट्राध्यक्ष झाले. नऊ भावंडांतील थोरली बहीण रोझमेरी हिचा जन्म १९१८ चा. तिला बौद्धिक अपंगत्व होते. १९४१ साली, ती २३ वर्षांची असताना, वडिलांनी तिच्या मेंदूवर शस्त्रक्रिया करविली. ती फसली, रोझमेरीचे चालणे-बोलणे जवळजवळ गेले. १९४९ पासून ती विस्कॉन्सिन राज्यातील सेंट कोलेटा या धर्मभगिनींच्या संस्थेत राहिली. तिच्याविषयी घरात बोलणे नव्हते, आणि भावंडांना कितीतरी वर्षे सारे खरे सांगितले गेले नाही. १९६१ च्या अखेरीस वडिलांना पक्षाघात झाला. त्यानंतर भावंडांनी तिचा सांभाळ आपल्या हाती घेतला. १९६२ साली युनिस या बहिणीने एका मोठ्या साप्ताहिकात लेख लिहून आपल्या बहिणीची हकीकत उघड जगापुढे ठेवली, आणि त्याच उन्हाळ्यात आपल्या घरच्या आवारात अशा मुलांचे खेळांचे शिबिर भरविले. त्यातूनच पुढे १९६८ च्या जुलैत शिकागो येथे पहिल्या विशेष ऑलिंपिक स्पर्धा झाल्या. आज भारतातही त्या चळवळीचे कार्य चालते. रोझमेरी २००५ साली, ८६ व्या वर्षी, भावंडे जवळ असताना निवर्तली.

या हकीकतीतून आम्ही घ्यावयाचा बोध स्पर्धांचा नव्हे. धनाने, सत्तेने व मौनाने जे वीस वर्षांत साधले नाही, ते एका बहिणीने उघड बोलण्याचे ठरविले तेव्हा सुरू झाले, हा तो बोध होय.

आपल्या मराठीतही या विषयाला हात घालणारी एक उत्तम कृती आहे. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांचा ‘देवराई’ हा चित्रपट २००४ साली आला. त्यातील शेष हा तरुण स्किझोफ्रेनिया या मनोविकाराने ग्रस्त आहे, आणि त्याच्यामागे उभी आहे ती त्याची बहीण. तिला स्वतःचा संसार आहे. भावाची माया आणि घरच्यांचा ताण यांच्यामध्ये तिची होणारी ओढाताण त्यात दाखविली आहे. बहिणीला देवी न करता, थकणारी व घाबरणारी माणूस म्हणून ज्यांनी दाखविले त्यांचे आपण आभारच मानले पाहिजेत.

घरातील मौनाला आणखी एक बाजू आहे. अपंग मुलाच्या पाठचे वा आधीचे मूल फार लवकर शहाणे होते. आईच्या डोळ्यांतील पाणी पाहून ते आपली दुखणी सांगत नाही, हट्ट करीत नाही, नापास झाले तर एकटेच रडते. “आमचा हा कधी त्रास देत नाही,” असे आईबाप कौतुकाने म्हणतात. असे मूल मोठेपणीही मदत मागावयास शिकत नाही. म्हणून चाळीस वर्षांच्या कर्त्या पुरुषास, “तू कसा आहेस?” असे कोणी विचारले की त्यास उत्तर सुचत नाही, तो भावाची प्रकृती सांगू लागतो.

विचारा

मग करावे काय? आमच्या मते तीन गोष्टी आहेत. विचारा, वाटून घ्या, आणि लिहून ठेवा.

आईबापांनो, हातपाय धड आहेत तोवर आपल्या प्रौढ मुलामुलींना एकत्र बसवा आणि विचारा. आज्ञा करू नका, शपथ घालू नका, मरणशय्येवर वचन मागू नका. मरणाऱ्याला नाही कोण म्हणेल? पण अशा रीतीने घेतलेला होकार पुढे आयुष्यभर गळ्यात दगडासारखा लोंबतो. विचारणे म्हणजे नकाराला जागा ठेवणे. कोणी म्हणेल, मी घरी ठेवीन. कोणी म्हणेल, पैसा देईन पण सेवा होणार नाही. कोणी म्हणेल, वर्षातून दोन महिने नेईन. यातले प्रत्येक उत्तर प्रामाणिक असेल तर उपयोगी आहे. सुनेला विचारा, जावयाला विचारा. ठरत असलेल्या सोयरिकीतही ही गोष्ट झाकू नका. झाकलेले दोन महिन्यांत उघडे पडते, आणि मग विश्वास जातो.

आणि ज्याच्याविषयी ही बोलणी चालली आहेत त्यालाही विचारा. त्याला आकडे कळत नसतील, पण कोणाच्या घरी आपल्याला झोप येते हे त्याला कळते. तोही या घरचा भाऊ आहे, ती या घरची बहीण आहे. त्यांच्या डोक्यावरून बोलणे हे सर्वांत मोठे अपंगत्व आपण त्यांस देतो.

वाटून घ्या

सेवा हे एक काम नसून पाचदहा कामांची मोळी आहे. अंघोळ व जेवण हे एक, औषधे व दवाखाना हे दुसरे, कागदपत्रे तिसरे, पैसा चौथे, आणि नुसते जवळ बसून बोलणे हे पाचवे. मोळी सोडली की एकेक काठी कोणालाही उचलता येते. हैदराबादेचा भाऊ दाखले, अर्ज व बँकेचे काम अंगावर घेऊ शकतो. उदगीरला दिलेली बहीण तुरीच्या राशी चालू असताना पंधरा दिवस त्याला आपल्याकडे नेऊ शकते, म्हणजे मागे राहिलेल्या दांपत्यास श्वास घ्यावयास मिळतो. सोबतीशिवाय प्रवास करू न शकणाऱ्या मतिमंद व्यक्तीस रेल्वेच्या साध्या व शयनयान वर्गात भाड्यात ७५ टक्के सूट आहे, आणि तीच सूट सोबत्यासही आहे. यासाठी दवाखान्याच्या दाखल्यावर रेल्वेचे कार्ड काढावे लागते. २०१७ पासून बिदर ते कलबुर्गी रेल्वेही धावू लागली आहे. ही सोय पुष्कळांना ठाऊक नसते.

पैसे पाठविणाऱ्याने एक ध्यानी ठेवावे. मागे राहिलेल्याला हिशेबापेक्षा दोन शब्दांची गरज अधिक असते. “तू करतोस म्हणून मी येथे काम करू शकतो,” एवढे म्हटले तरी दहा वर्षांची गाठ सैल होते.

लिहून ठेवा

एक साधी वही करा. त्यात औषधांची नावे व वेळा. झटके येत असतील तर त्या वेळी काय करावे. त्याला काय खाऊ घालू नये. तो कशाने भितो, कशाने हसतो. दुखत असले तर तो कसे सांगतो. हे सारे आज केवळ आईच्या डोक्यात आहे. आई गेली की ते ज्ञान तिच्याबरोबर जाते, आणि भावंडाला अंधारात चाचपडावे लागते. या वहीतच अपंगत्वाचा दाखला, यूडीआयडी कार्ड, आधार, बँकेचे पुस्तक यांची ठिकाणे लिहा.

आता कायद्याच्या चार गोष्टी. मूल १८ वर्षांचे झाले की कायद्याने ते प्रौढ होते, आणि आईबापांचे नैसर्गिक पालकत्व संपते. मतिमंद मुलाच्या बाबतीतही हाच नियम आहे. म्हणून स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अपंगत्व व बहुविध अपंगत्व या चार अवस्थांसाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने कायदेशीर पालक नेमण्याची सोय केली आहे. प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक समिती असते. तीत नोंदणीकृत संस्थेचा एक प्रतिनिधी व एक अपंग व्यक्ती असते. आईबाप किंवा भावंडे तिच्याकडे अर्ज करू शकतात. नेमलेल्या पालकाने सहा महिन्यांच्या आत अपंग व्यक्तीच्या मालमत्तेची यादी द्यावयाची असते, आणि पुढे दरवर्षी हिशेब द्यावयाचा असतो. तो राखणदार आहे, मालक नव्हे. गैरवर्तन केल्यास त्यास काढता येते. २०१६ च्या कायद्याने तर अपंग व्यक्तीस इतरांप्रमाणेच मालमत्ता बाळगण्याचा व वारशाने मिळविण्याचा हक्क दिला आहे, आणि निर्णय घेताना तिला बरोबर घ्यावे असे सांगितले आहे.

वारशाविषयी आमच्या लोकांत पुष्कळ गैरसमज आहेत. आपल्याला १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू आहे. मृत्युपत्र न करता बाप वारला, तर विधवेस एक तृतीयांश व उरलेले मुलामुलींना सारखे वाटले जाते. मुलगी विवाहित असो वा नसो, मूल अपंग असो वा नसो, वाटा सारखाच. तेव्हा “त्याला काय कळते, त्याचे नाव कशाला?” असे म्हणून पहाणीतून अपंग भावाचे नाव गाळणे हा कायद्याचा भंग आहे आणि देवाघरचाही आहे. सेवा करणाऱ्यास थोडे अधिक द्यावयाचे असेल तर बापाने ते मृत्युपत्रात स्वच्छ लिहावे. मृत्युपत्रास दोन साक्षीदार लागतात. परंतु ज्यास काही द्यावयाचे त्याने किंवा त्याच्या जोडीदाराने साक्षीदार होऊ नये, नाहीतर त्याचे देणे रद्द ठरते.

वाडीकडील काही घरांतून बाप रेल्वेत चाकरीला असतो. अशांनी हे ध्यानी घ्यावे की, केंद्र सरकारच्या नोकराच्या ज्या अपंग मुलास पोट भरता येत नाही त्यास आईबापांमागे तहहयात कुटुंबनिवृत्तिवेतन मिळू शकते. त्याचे नाव व दाखला आपण हयात असतानाच कार्यालयात नोंदवून ठेवावा. वर सांगितलेल्या चार अवस्थांसाठी ‘निरामय’ ही विमा योजना आहे. अल्प शुल्कात वर्षास १ लक्ष रुपयांपर्यंत औषधोपचाराचा खर्च मिळतो. हे अर्ज कोठे करावे हे कळत नसेल तर आधी ग्रामपंचायतीत जावे. कर्नाटकात ग्रामपंचायतींसाठी ग्रामीण पुनर्वसन कार्यकर्ते नेमलेले आहेत. गावी त्यांस व्हीआरडब्ल्यू म्हणतात. बहुधा ते स्वतःच अपंग असतात, त्यामुळे घरची व्यथा त्यांस सांगावी लागत नाही.

सीमेवरची अडचण

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्य विभागले गेले, तेव्हा जुन्या बिदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा व अहमदपूर तालुके पलीकडे गेले. भालकी, औराद, हुमनाबाद अलीकडे राहिले. राज्ये वेगळी झाली, सोयरिकी मात्र तशाच चालू राहिल्या. आपल्या लेकी तिकडे, तिकडच्या लेकी इकडे. म्हणून येथील बाप सहज म्हणतो, “आमच्या मागे याला उदगीरची ताई नेईल.”

परंतु यात एक खोच आहे. यूडीआयडी कार्ड साऱ्या देशात चालते. राज्याचे मासिक अपंग वेतन मात्र त्या राज्याच्या रहिवाशालाच मिळते. भाऊ ताईकडे कायमचा गेला की कर्नाटकचे वेतन तुटते, आणि महाराष्ट्राच्या संजय गांधी निराधार योजनेस तेथील किमान १५ वर्षांच्या रहिवासाची अट आहे. म्हणजे ताईच्या घरी एक माणूस वाढतो आणि त्याच वेळी त्याचे वेतन थांबते. शिवाय येथील पहाणी व सरकारी कागद कन्नडात. पलीकडे मराठी शाळेत शिकलेल्या भाच्याला ते वाचता येत नाहीत. हे सारे आईबापांनी आजच समजून घ्यावे, कागदांचा अर्थ मराठीत लिहून वहीत ठेवावा, आणि ताईला काय झेपेल हे ताईलाच विचारावे.

शेजारधर्म

गावाचे व धर्मग्रामाचेही येथे काही देणे लागते. अशा घरची माणसे रविवारी कधी एकत्र मिस्साला येत नाहीत. एक येतो, एक घरी थांबतो. लग्नाला, बारशाला, सणालाही तेच. महिन्यातून एका रविवारी शेजारच्या दोन तरुणांनी त्या घरी दोन तास बसावे, एवढे काही अवघड नाही. त्या दोन तासांत नवराबायको दहा वर्षांनी एका बाकावर बसतील. त्याहून बरे म्हणजे त्या भावालाच मिस्साला बरोबर घेऊन यावे, आणि तो मध्येच मोठ्याने ओरडला तर मागे वळून पाहू नये.

आणि आम्हा सर्वांची एक सवय सुटली पाहिजे. रस्त्यात भेटलेल्या भावंडास आपण विचारतो, “तो कसा आहे?” विचारावेच, पण त्यानंतर क्षणभर थांबून, “आणि तू?” असेही विचारावे. उत्तराची वाट पाहावी.

बिगरसरकारी प्रयत्नही आहेत. मुंबईत १९४४ साली एका पारशी दांपत्याने आपल्या मुलीसाठी सुरू केलेली शाळा आज जय वकील या नावाने उभी आहे. १९९५ साली ‘परिवार’ हा आईबापांच्या संघटनांचा राष्ट्रीय संघ स्थापन झाला. विलायतेत २००१ पासून ‘सिब्ज’ ही संस्था केवळ अशा भावंडांसाठी काम करते. खेड्यात संस्था नसली तरी चार घरची भावंडे महिन्यातून एकदा एका पिंपळाखाली बसू शकतात. आपल्यासारखा दुसरा कोणी आहे, हे कळणे हेच अर्धे औषध असते.

भावंडांस दोन शब्द

शेवटी, ज्यांच्यासाठी हा लेख लिहिला त्यांच्याशी थोडे बोलतो.

तुम्हाला राग येतो, थकवा येतो. कधी मनात असाही विचार येतो की, हे ओझे नसते तर. त्या विचाराने स्वतःस पापी समजू नका. थकलेले मन असेच बोलते. राग हा पाप होण्याआधी पुष्कळदा निरोप असतो, की आता कोणीतरी हात लावा. तो निरोप वेळेवर सांगा. हात उगारण्याची पाळी येऊ देऊ नका. झोप उडाली, जेवण तुटले, जीव नकोसा वाटू लागला, तर ‘टेलिमानस’च्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर कोणत्याही वेळी विनामूल्य बोलता येते. दवाखान्यात जाण्यात जशी लाज नाही, तशी यातही नाही.

तुम्ही लग्न केले म्हणून भावाला टाकले असे होत नाही. तुम्ही नोकरीसाठी दूर गेलात म्हणून पळालात असे होत नाही. सारे एकट्याने करणे ही परीक्षा कोणी तुमच्यावर घातलेली नाही. जे झेपते ते मनापासून करा, जे झेपत नाही ते स्पष्ट सांगा. अर्धे मन घालून केलेल्या पूर्ण सेवेपेक्षा पूर्ण मनाने केलेली अर्धी सेवा त्या भावाला अधिक कळते.

आणि हेही विसरू नका की तो केवळ तुमचे कर्तव्य नाही. लहानपणी चिंचेच्या झाडाखाली तुमच्याबरोबर बसलेला तोच आहे. आईचा आवाज त्याला आठवतो, बापाची हाक आठवते. ती दोघे गेल्यावर या आठवणी जपणारी माणसे जगात तुम्ही दोघेच असाल.

वाचकहो, तुरीच्या राशी झाल्या, घरची सारी माणसे एकत्र आली, की एक संध्याकाळ यासाठी राखून ठेवा. दूरची भावंडे येतील तेव्हा फोन बाजूला ठेवा, वही काढा, आणि ज्याच्यासाठी बसला आहात त्यालाही जवळ बसवा. प्रश्न तोच असू द्या. विचारण्याची रीत मात्र बदला. “आमच्या मागे याचे कोण?” असे आभाळाला न विचारता, समोर बसलेल्या मुलामुलींना विचारा: “आमच्या मागे याचे आपण कसे करू या?” मग त्यांना बोलू द्या.